तोंड कुठे करायचं?

आईला बिलं वाचायची सवय आहे. पुण्यात विजेचं किंवा गॅसचं बिल आलं की ती चष्मा पुसते, खिडकीशी बसते आणि दहावीचा पेपर तपासावा तशी एकेक ओळ तपासते. चौतीस वर्षं शाळेत शिकवलेलं, तेव्हा लाल पेन हाताशी असतंच. यंदा सहा महिन्यांसाठी ती आमच्याकडे न्यू जर्सीत, एडिसनला आली आणि तिला वाचायला इथली बिलं मिळाली. केबलच्या बिलात पाचव्या का सहाव्या ओळीवर तिचं पेन थांबलं.

"ही 'ब्रॉडकास्ट टीव्ही फी' कसली रे?"

मी सांगितलं, की न्यूयॉर्कची मोठमोठी चॅनेल्स मुळात हवेतून फुकट येतात. घरावर अँटेना असेल त्याला दिसतात. तीच चॅनेल्स केबलवाले तारेतून देतात, त्याबद्दल चॅनेलवाल्यांना पैसे मोजतात आणि ते आपल्याकडून असे वेगळ्या ओळीत काढून घेतात.

"म्हणजे फुकटच्या वस्तूचे पैसे."

"अगदी तसं नाही, पण..."

"अगदी तसंच आहे. अँटेना लाव की मग."

आमच्या घरात चर्चा या वाक्यावर संपतात.

आईच्या लेखी अँटेना लावणं म्हणजे फार तर रविवारची एक सकाळ. कारण तिच्या डोळ्यांसमोर आमची सदाशिव पेठेतली गच्ची. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि १९७३ मध्ये सिंहगडावर मनोरा उभा राहून ते पुण्यात दिसायला लागलं. त्यानंतर पुण्यात अँटेना घेताना निवड अशी करायचीच नसे. दुकानदार देईल ती घ्यायची, पाइपाला बांधायची आणि तिचं तोंड सिंहगडाकडे करायचं. सिंहगड गच्चीवरून उघड्या डोळ्यांनी दिसायचा. ज्या गडासाठी तानाजी पडला, त्याच गडावरून आमच्याकडे 'छायागीत' उतरायचं. सगळ्या पेठांमधल्या गच्च्यांवरच्या काड्या नैऋत्येला तोंड करून उभ्या. परगावचा माणूस चुकला तर त्यानं गच्च्यांकडे बघून दिशा ओळखाव्यात.

तरी ती रविवारची सकाळ एका सकाळीत कधीच संपली नाही. बाबा गच्चीवर, दादा जिन्यात, मी टीव्हीसमोर. बाबा वरून ओरडायचे, "दिसतंय का?" दादा तेच खाली ओरडायचा. मी म्हणायचो, "मुंग्या आहेत, थोडं डावीकडे." दादा वर कळवायचा, "डावीकडे!" वरून प्रश्न यायचा, "कुणाच्या?" बाबांनी पाइप हातात धरला की चित्र लख्ख, सोडला की पुन्हा मुंग्या. कसोटी सामन्याचे पाच दिवस बाबांनी पाइप धरून उभं राहावं, अशी सूचना दादाने एकदा केली होती. त्यावर वरून चप्पल आली.

एडिसनमध्ये गच्ची नाही, उतरतं छप्पर आहे. सिंहगडही नाही. इथे पहिला प्रश्नच असा, की तोंड कुठे करायचं?

हा प्रश्न सोडवायच्या आधीच मी दुकानात गेलो, ही माझी चूक. फळीवर खोकी मांडली होती आणि प्रत्येक खोक्यावर मोठ्या अक्षरांत मैल. एकावर ८०, दुसऱ्यावर १५०, एकावर तर २००. पृथ्वी गोल आहे ही बातमी ही खोकी छापणाऱ्यांपर्यंत अजून पोचलेली दिसत नाही. या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मनोरा गगनचुंबी असला तरी साठ-सत्तर मैलांपुढे तो क्षितिजाखाली बुडतो, मग काड्या किती का असेनात. मैलांच्या शेजारी 'डिजिटल', 'एचडी', 'फोर के', 'एट के' अशी बिरुदं. अ‍ॅल्युमिनियमच्या काडीला यातलं काही कळत नाही. तिला कळते ती लहरीची लांबी, आणि तेवढीच. १२ जून २००९ ला अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी जुनं प्रक्षेपण बंद करून सगळं डिजिटल केलं, तेव्हा 'डिजिटल अँटेना' म्हणून लोकांना नव्या काड्या विकल्या गेल्या. बदलायला हवा होता तो टीव्ही, नाहीतर टीव्हीला जोडायचा डबा. छपरावरच्या जुन्या अँटेनाला त्या दिवशी काही झालं, हे समजलंही नसेल.

बायकोने खोक्यांकडे पाहिलंच नाही. तिनं काळ्या कागदासारखी, खिडकीच्या काचेला चिकटवायची एक अँटेना उचलली. "ही बाहेरून दिसत नाही," ती म्हणाली. तिच्या दृष्टीने अँटेनाचा हा सर्वांत मोठा गुण. आणली, चिकटवली. बरीच चॅनेल्स लागली, पण सातवं नाही, अकरावंही नाही. खिडकी बदलली, मजला बदलला. शेवटी मी तो कागद डोक्यावर धरून जिन्यात उभा राहिलो, तेव्हा सातव्यावर अर्धा चेहरा आला आणि चौकोन चौकोन होऊन विरघळला. आई सोफ्यावरून म्हणाली, "बाबांची आठवण झाली."

सातवं का लागत नाही हे शोधताना मला इथल्या टीव्हीचं गुपित समजलं. इथल्या चॅनेलांना आपल्यासारखं पाळण्यातलं नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं. पडद्यावर '२' म्हणून मिरवणारं न्यूयॉर्कचं सीबीएस प्रत्यक्षात ३६ क्रमांकाच्या पट्ट्यावर येतं. २०१७ मध्ये सरकारने वरचे ३८ ते ५१ हे पट्टे लिलावात फोन कंपन्यांना विकले, आणि पुढची तीन वर्षं, जुलै २०२० पर्यंत, उरलेल्यांची खाली दाटीवाटीने मांडामांड चालली. म्हणजे चाळीतल्या दहा खोल्या बिल्डरला दिल्या आणि बाकीच्यांना म्हटलं, जरा सरकून घ्या. दारावरच्या पाट्या मात्र जुन्याच ठेवल्या, कारण पाहुण्यांना त्याच पाठ. मोठ्यांपैकी सात आणि अकरा हे दोघेच असे, की ज्यांचं बोलायचं नाव तेच पाळण्यातलंही. ते खरोखर ७ आणि ११ वर बसतात. आता सातव्याच्या लहरीला साधारण ८५ सेंटिमीटरची काडी लागते आणि छत्तिसाव्याला पंचवीसची पुरते. वितभर कागदात पंचवीसची सोय होईल, पंच्याऐंशीची कशी व्हावी? तेव्हा खोक्यावरचे मैल वाचू नयेत, काड्या मोजाव्यात. लांब आणि आखूड दोन्ही असतील तर घ्यावी.

(मध्ये एक ३७ क्रमांक आहे. तो इथे कोणत्याच केंद्राला देत नाहीत. रेडिओ खगोलशास्त्रासाठी तो मोकळा ठेवला आहे. ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्झ. आपल्या नारायणगावजवळ खोडदला ज्या तीस अजस्र अँटेना आभाळाकडे तोंड करून बसल्या आहेत, त्याही ६१० च्या आसपास कान देत आल्या आहेत. छत्तीसवर जाहिराती आणि सदतीसवर आकाशगंगा. शेजार असावा तर असा.)

शेवटी घेतली ती अँटेना पाहून आई खूश झाली, कारण ती दिसायला थेट पुण्यासारखी होती. मधोमध दांडा, त्यावर आडव्या काड्या, मागे लांब आणि पुढे आखूड होत गेलेल्या. या घाटाच्या अँटेनाला यागी म्हणतात. आईला वाटलं, याग करणारा तो यागी. तसं नाही, हिदेत्सुगु यागी हे जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठातले प्राध्यापक. १९२६ मध्ये त्यांचे सहकारी शिंतारो उदा यांच्याबरोबर त्यांनी ही रचना मांडली. मेहनत बरीचशी उदांची, पण इंग्रजीत निबंध आला यागींचा, म्हणून जगाच्या तोंडी यागीच राहिलं. कचेरीत नोकरी केलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. पुढे १९४२ मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा जपानी सैन्याला इंग्रजांच्या रडारची टिपणं सापडली. त्यात जागोजाग एक शब्द, यागी. याचा अर्थ काय, हे काही त्यांना लागेना. कैद झालेल्या इंग्रज तंत्रज्ञाला विचारलं, तेव्हा त्याच्याकडून समजलं, की हे तुमच्याच प्राध्यापकाचं नाव आहे.

मला त्या रचनेत मौज वाटते ती वेगळीच. एवढ्या सगळ्या काड्यांत तार जोडलेली असते फक्त एका काडीला. कमावती तेवढी ती एक. मागची लांब काडी निसटू पाहणाऱ्या लहरींना परत पुढे ढकलते, आणि पुढच्या सगळ्या नुसत्या 'इकडून या, इकडून या' करत उभ्या असतात. लग्नघरात असतं तसंच. पण त्या पुढच्या काढून टाका, कमावतीला लांबचं नीट दिसत नाही.

अँटेना लावणार हे घरांच्या संघाला समजलं आणि पत्र आलं, की छपरावर असं काही उभं करता येत नाही. इथे मला चक्क कायदा सापडला. १९९६ पासून नियम आहे, की स्वतःच्या मालकीच्या छपरावर स्थानिक टीव्हीची अँटेना लावायला संघ किंवा घरमालक आडकाठी करू शकत नाही. छपराच्या वर बारा फुटांपेक्षा उंच खांब असेल तरच परवानगीचा प्रश्न येतो. मी दोन ओळींचं उत्तर पाठवलं. त्यांचं परत उत्तर आलं नाही. वीस वर्षांत या देशात एवढा सोपा विजय मला दुसरा मिळालेला नाही.

आता दिशा. न्यूयॉर्कचे बहुतेक मनोरे पूर्वी वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर टॉवरवर होते. ११ सप्टेंबर २००१ नंतर ते एम्पायर स्टेट बिल्डिंगवर गेले आणि अलीकडे पुष्कळसे नव्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरवर आले. आमच्या घरापासून दोन्ही पंचवीस-सत्तावीस मैल, एकाच रेषेत म्हणावी इतकी जवळची दिशा. नकाशावर मोजलं, उत्तरेपासून सत्तावन्न अंश. म्हणजे ईशान्य.

"ईशान्य?" आई म्हणाली. "म्हणजे देवघराची दिशा. बरं झालं."

शाळेत स्काउटला असताना मिळालेलं पितळी होकायंत्र माझ्याकडे अजून आहे. ते घेऊन छपरावर चढलो. चिमणीला पट्टे आवळले, खांब उभा केला, सुई स्थिर होऊ दिली, सत्तावन्न अंशांवर तोंड लावलं आणि नट घट्ट केले. पुण्याचा माणूस, नैऋत्येला तोंड करून मोठा झालेला, बरोबर उलट्या दिशेला अँटेना फिरवून उभा आहे, असा एक हळवा विचारही मनात येऊन गेला. तेवढ्यात खालून बायको ओरडली, "बत्तीस!"

हा आता नवा प्रकार. पूर्वी 'मुंग्या आहेत' किंवा 'सावली पडतेय' असं म्हणायचे. डिजिटलमध्ये टीव्ही एक आकडा दाखवतो आणि खालचा माणूस तो वाचून दाखवतो. बत्तीसला सातवं दिसत नव्हतं. मला सगळ्यांत जास्त राग याचा आला. जुन्या टीव्हीतल्या मुंग्यांना दया होती. चित्र वाईट असेल तरी असायचं. मुंग्यांच्या आड सुनील गावसकर आहे एवढं समजायचं, आणि मुंग्या कमी झाल्या की हात बरोबर दिशेला चाललाय हेही समजायचं. डिजिटलमध्ये चित्र काचेसारखं असतं, नाहीतर नसतंच. कड्याच्या टोकापर्यंत सपाट रस्ता आणि पुढे एकदम दरी. जिला मुंग्या दाखवायची लाज वाटते, त्या यंत्रणेला चांगली म्हणायला माझं मन होत नाही.

मग मी बूस्टर लावला. मराठी माणसाचा बूस्टरवर फार विश्वास. बाबांनीही लावला होता आणि त्याचा लाल दिवा पेटला की चित्र सुधारलं असं आम्ही सगळे एकमुखाने म्हणायचो. इथे लावल्यावर आधी लागत होती त्यातलीही चार चॅनेल्स गेली.

शेजारचे इटालियन आजोबा हे सगळं कुंपणाशी उभं राहून बघत होते. आयुष्य फोनच्या खांबांवर चढण्यात गेलेलं, वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी पहिल्यांदा बूस्टर काढायला लावला. "तुझ्या घराला आवाज कमी येत नाहीये," ते म्हणाले, "आधीच मोठा येतोय, त्यात तू कर्णा लावलास." बूस्टर असतो तो तारेत जे वाया जातं ते भरून काढायला. शंभर फूट तार असेल तर वरच्या पट्ट्यांचं दोन-तृतीयांशाहून जास्त बळ तारेतच जिरतं, तिथे तो हवा. माझी तार चाळीस फूट. मग त्यांनी विचारलं, दिशा कशी मोजलीस? मी अभिमानाने पितळी होकायंत्र दाखवलं. आजोबा हसले ते खोकला येईपर्यंत.

होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर वेगवेगळ्या. न्यू जर्सीत सुई खऱ्या उत्तरेच्या पश्चिमेला साधारण तेरा अंश कलते. पुण्यात हा फरक जवळजवळ नाहीच, म्हणून स्काउटच्या सरांनी तो कधी शिकवला नाही. मी सुईवर विसंबून तोंड लावलं ते सगळं तेरा अंश उत्तरेकडे सरकलेलं. माझी अँटेना वर्ल्ड ट्रेड सेंटर सोडून सिकॉकसच्या आभाळाकडे बघत होती. आखूड अँटेनाला एवढा फरक चालून गेला असता, पण मी हौसेने लांबलचक घेतलेली. अँटेना जितकी लांब तितकी तिची नजर दूर, आणि तितकीच अरुंद. पंचवीस मैलांना तिच्या निम्मी पुरली असती, असं आजोबांचं मत. आता माझंही तेच आहे.

आजोबांच्या स्वतःच्या छपरावर गंजलेली मोटर आहे. खाली खोलीत एक डबा, त्यावर खुंटी. ती पिळली की वर कुरकुर करत अँटेना फिरते. कारण एडिसनच्या ईशान्येला न्यूयॉर्क आणि नैऋत्येला, पंचावन्न मैलांवर, फिलाडेल्फिया. आजोबा तिथल्या 'ईगल्स' टीमचे. आठवडाभर न्यूयॉर्क बघतात आणि फुटबॉलच्या मोसमात रविवारी सकाळी खुंटी फिरवून सगळा संसार नैऋत्येला वळवतात. फिलाडेल्फियाचं सहावं चॅनेल खरोखर ६ वर येतं, त्याला पावणेदोन मीटरची काडी लागते, म्हणून त्यांची अँटेना वाळत घातलेल्या धोतरांच्या दोरीएवढी रुंद आहे. रविवारी तिचं तोंड जिकडे असतं, त्याच दिशेला पुण्यात आमच्या सगळ्यांचं असायचं. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "तिकडे कोणती टीम?"

तेरा अंश पूर्वेला सरकवलं. खालून, "एकसष्ट! सत्तर! हात काढ!" मी हात काढला. आकडा सत्तरच राहिला. बाबांना हे कधी जमलं नव्हतं.

त्यानंतर खांबाला जाड तांब्याची तार लावून ती घराच्या अर्थिंगला जोडली. या कामात चालढकल करू नये, इतकंच. थेट वीज कोसळली तर ती तार अँटेना वाचवत नाही, पण वादळात काड्यांवर साठणारा भार टीव्हीत न शिरता जमिनीत जातो.

चौसष्ट चॅनेल्स लागली. मराठी एकही नाही. तेवढ्यासाठी आईच्या मालिका इंटरनेटवर आहेतच. पण सकाळी अकराला ती दुसऱ्या चॅनेलवर, म्हणजे पाळण्यातल्या छत्तिसाव्यावर, 'द प्राइस इज राइट' लावते. साबणाची, सुपाच्या डब्याची, दात घासायच्या ब्रशची किंमत ओळखायची. आई प्रत्येक किंमत रुपयांत करते, मग आपला अंदाज मोठ्याने सांगते. बायको म्हणते, "आई, तुम्ही तिकडे गेलात तर गाडी जिंकाल." आई म्हणते, "त्या गाडीचा विमा कोण भरेल?"

केबल बंद केली. इंटरनेट त्याच कंपनीचं आहे, ते ठेवलं. परवा नवं बिल आलं. आईने चष्मा पुसला, पेन घेतलं. 'ब्रॉडकास्ट टीव्ही फी' गेली होती. पेन खाली सरकत तिसऱ्या ओळीवर थांबलं.

"हे 'इक्विपमेंट रेंटल' म्हणजे कोपऱ्यातलं ते काळं डबडं ना? त्याचं भाडं किती वर्षं भरतोयस?"

अकरा वर्षं. एडिसनच्या आसपास कुणाकडे चालू स्थितीतला, स्वतःच्या मालकीचा मॉडेम पडून असेल, तर आई ऑक्टोबरात परत जायच्या आत कृपया कळवावं. बदल्यात एक बूस्टर देऊ.